मुंगी नडगी तोडत नाही

फॉर्मवर पाच रकाने होते. जखमेची जागा, वेळ, वर्तन, निकाल आणि अगदी शेवटी निरीक्षकाचं मत. मुंग्यांच्या प्रयोगशाळेतल्या तिच्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी मॅडमनी त्या शेवटच्या रकान्यावर बोटाने फुली मारून दाखवली होती.

"हा कोरा सोडायचा. जुने फॉर्म आहेत, गठ्ठेच्या गठ्ठे पडलेत, म्हणून वापरतोय. तुला दिसतं ते लिही. का दिसतं, ते माझ्यावर सोड."

तिने ते सोडलं. सहा वर्षं सोडलं. मॅडमचे विद्यार्थी तिला टिपणताई म्हणायचे, आणि नाव पडलं ते काही उगीच नाही. झाकण लावलेल्या चपट्या डब्यांत, लाल दिव्याखाली मोठ्या काळसर मुंग्या फिरायच्या. प्रत्येकीच्या पाठीवर रंगाचे दोन ठिपके असायचे, म्हणजे कोण कोणती ते कळायचं. मॅडम सूक्ष्मदर्शकाखाली एकीचा पाय जखमी करायच्या, जखमेला जंतू लावायच्या आणि तिला घरच्यांत सोडून द्यायच्या. पुढे तासन्‌तास टिपणताई आणि तिचं पेन.

एकदाच तिने नियम मोडला होता. वर्तनाच्या रकान्यात "बिचारी" असं लिहिलं होतं. मॅडमनी ते खोडलं आणि शेजारी लिहिलं, "म्हणजे नक्की काय करते?"

जखमेची जागा: मांडी

मुंगीलाही मांडी असते, नडगी असते. लोक हसतात, पण असते.

मांडीला जखम झाली की दुसरी एक मुंगी जवळ येते. आधी जखम चाटते. मग तोंड वर वर सरकवत नेते, पार पाय अंगाला जोडलेला असतो तिथपर्यंत, आणि चावायला लागते. चाळीस मिनिटं, कधी त्याहून जास्त. पाय तुटून पडेपर्यंत सोडत नाही. आणि जिचा पाय जातोय ती पळत नाही, झटकत नाही. पाय पुढे करून उभी राहते.

हे पहिल्यांदा पाहिलं त्या संध्याकाळी टिपणताईने घरी जाऊन चपलासुद्धा न काढता बाबांना सांगितलं.

बाबा म्हणजे निवृत्त पोस्टमन. चौतीस वर्षं पायाला भिंगरी. आता साखरेच्या आजाराने पायांची जाणीव गेलेली. "हा पाय माझा की शेजाऱ्याचा, चिमटा काढल्याशिवाय कळत नाही," असं म्हणायचे. म्हणायचे कसले, चिमटा काढूनही कळत नव्हतं.

"पाय पुढे करते?" बाबांनी विचारलं. "स्वतःहून?"

"स्वतःहून."

"आणि नंतर?"

"नंतर जगते. बहुतेक सगळ्या जगतात. पाच पायांवर कामाला लागतात."

"शहाणी जात आहे," बाबा म्हणाले. "आमच्या पोस्टमास्तरांचं बोट दारात सापडलं होतं तर अख्खं गाव गोळा केलं होतं त्यांनी."

जखमेची जागा: नडगी

नडगीला जखम असेल तर मुंग्या पाय तोडत नाहीत. एकदाही नाही. शेकडो फॉर्म भरले, एकदाही नाही. नुसतं चाटत राहतात. आळीपाळीने, तास तास, जखमेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, अगदी मन लावून.

निकाल: चारातल्या तीन जगतात. ज्यांना एकटं ठेवलं, ज्यांना चाटायला कोणी नव्हतं, त्यातल्या फार थोड्या.

हे तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. म्हणून ते तिला तोंडपाठ होतं.

वेळ

बाबा जिन्यात अडखळले. पायरीच्या लोखंडी पट्टीने डाव्या पायाची नडगी बोटभर फाटली. दुखलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही. आठ दिवसांनी आत्याला वास आला. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, खालच्या मजल्यावर राहणारी, जिचं नाक आणि जीभ दोन्ही तिखट.

"दादा, घरात काहीतरी मेलंय."

"उंदीर असेल."

"उंदीर नाही, तू आहेस," असं म्हणत आत्याने त्यांची विजार वर सारली, आणि मग तिची जीभसुद्धा गप्प झाली.

हॉस्पिटलात सर्जन स्टूल ओढून बाबांच्या पायाशी बसला. जेमतेम पस्तिशीचा, चांगला बोलणारा. त्याने पेनाने गुडघ्याखाली चार बोटांवर एक रेघ ओढली.

"इथून. आज नाही तर उद्या. त्याच्यापुढे नको."

"साफ करून नाही बघता येणार?" टिपणताईने विचारलं.

"येईल. पण तसं करा म्हणून मी सांगणार नाही. हाडापाशी पोचलंय."

"एक आठवडा? दिवसातून दोनदा मी स्वतः करीन. बारीक कामाची सवय आहे मला."

सर्जनने तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "पाय तुमचा आहे. ठरवायचं तुम्ही."

बाबांनी रेघेकडे बघून घेतलं. चौतीस वर्षं त्या पायाने दारोदार टपाल वाटलं होतं. मग लेकीकडे वळून म्हणाले,

"ठकी, तुझ्या मुंग्या काय म्हणतात?"

आवाज थट्टेचा होता, डोळे नव्हते.

तिला तिथे थांबता आलं असतं. कोपऱ्यावर फोन होता, मॅडमना एक वाक्य विचारता आलं असतं. पण प्रश्न पडावा लागतो, आणि तिला तो पडलाच नाही. तिच्याकडे उत्तर होतं. शेकडो फॉर्मांचं.

"नडगी असेल तर मुंगी तोडत नाही, बाबा. साफ करते. जगतात."

"मग झालं तर!"

"काय झालं?" आत्या उसळली. "डॉक्टर समोर बसलाय आणि तुम्ही मुंग्यांचा सल्ला घेताय? उद्या झुरळाला विचारा, डोकं ठेवायचं की उडवायचं!"

"तुझं कोणाला विचारून ठेवलं होतं?" बाबा म्हणाले. पेनाची रेघ ओढल्यापासून ते पहिल्यांदाच हसत होते.

ऑपरेशन आत्ता नको, परिणामांची कल्पना दिली आहे, असा कागद होता. बाबांनी सही केली. साक्षीदार म्हणून तिने.

वर्तन

वॉर्डातच, सकाळी सात आणि संध्याकाळी सात. मिठाचं निर्जंतुक पाणी, चिमटा, जाळीचं कापड. मेलेली कातडी काढायची, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पुसत जायचं. ती खरंच मन लावून करायची. नर्ससुद्धा म्हणाली, एवढं नीट आम्हाला नाही जमत.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "माझाही फॉर्म भर की."

"काहीतरीच."

"का? मुंग्यांना फॉर्म आणि बापाला नाही? आण एक."

मग तिने एक आणला. वर वारुळाचा क्रमांक लिहायची जागा होती. बाबा म्हणाले, "घरचं लिही." तिने लिहिलं, घरचं. जखमेची जागा: नडगी, डावी. वर्तन: सफाई, दोनदा. बाबा पाय पुढे करून बसायचे आणि ती वाकली की वरून सूचना करायचे. "वेळ घाल. सात वाजून चार मिनिटं. आमच्या खात्यात मिनिटाला किंमत होती."

तिसरा दिवस: जखमेच्या कडा गुलाबी. तिला त्या चांगल्या वाटल्या.

चौथा दिवस: लाली पेनाच्या रेघेपर्यंत.

पाचवा दिवस, सकाळी: लाली रेघेच्या वर. ताप. बाबांनी वेळ सांगितली नाही.

सर्जनने पेन काढलं आणि नवी रेघ ओढली, मांडीवर, खूप वर. ओढताना बाबांनी पाय हलवला नाही.

"बघ," ते तापातच पुटपुटले, "ओढून घेतला नाही. लिहून ठेव."

(याला रकाना नाही)

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा जागे झाले. वॉर्डात पंखा कुरकुरत होता. पांघरूण एका बाजूला भरलेलं आणि दुसऱ्या बाजूला सपाट.

"ठकी, डावा अंगठा खाजतोय."

तिने सपाट पांघरुणाकडे पाहिलं.

"अगं, खरंच. कित्येक वर्षांनी काहीतरी कळतंय तिथे. खाजव ना जरा."

तिने पांघरुणाच्या सपाट भागावर, जिथे अंगठा आला असता तिथे, चादर खाजवली.

"थोडं खाली. हां. तिथेच."

आणि त्यांनी डोळे मिटले, समाधानाने. विष रक्तात आधीच पसरलं होतं. पुढच्या सकाळी आत्या डबा घेऊन आली तेव्हा डबा कोणासाठी उघडायचा हा प्रश्न उरला नव्हता. आत्याने तिला एकही टोमणा मारला नाही. नंतरही कधी मारला नाही, आणि टिपणताईला त्याचीच भीती वाटत राहिली.

निकाल

चार महिन्यांनी मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. भिंतीवर आलेख होता. विद्यार्थी चहाचे कप घेऊन टेकले होते, टिपणताई दाराशी. तिचे वडील गेले एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. कशाने? साखरेच्या आजाराने, एवढंच.

"आपल्याला वाटत होतं की मुंग्या नडगीची जखम किरकोळ समजतात," मॅडम म्हणाल्या. "उलटं आहे. मांडीत स्नायू जास्त, ते शरीरातलं द्रव ढकलत असतात. मांडी जखमी झाली की ते ढकलणं मंदावतं, जंतू हळू चढतात. तोडायला वेळ मिळतो. नडगीत असे स्नायू जवळपास नाहीतच. तिथून जंतू भराभर वर जातात. पाय तोडायला लागतात चाळीस मिनिटं, तोवर ते अंगात पोचलेले असतात. आपण नडगीच्या जखमेनंतर तेवढ्याच वेळाने पाय कापून पाहिले, तरी मेल्याच."

टिपणताईने हात वर केला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"म्हणजे... वाचणार आहे हे कळतं म्हणून त्या तोडत नाहीत, असं नाही?"

"नाही गं. तोडून उपयोग नसतो म्हणून. त्यांचे दात त्याहून भरभर चालत नाहीत. दुसरं काही हातात नाही, म्हणून चाटतात. आणि त्यातून इतक्या वाचतात, हेच नवल."

"आणि भरभर तोडता आलं असतं तर?"

"तर कदाचित तोडलं असतं," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या आलेखाकडे वळल्या.

कोणीतरी विनोद केला. सगळे हसले. ती आपल्या टेबलाकडे आली.

मत

संध्याकाळी मॅडम फॉर्म गोळा करायला आल्या. गठ्ठा चाळता चाळता थांबल्या.

"हा कुठल्या वारुळातला? क्रमांक नाही. 'घरचं' काय?"

टिपणताई डब्याकडेच बघत होती. तो फॉर्म तिने मुद्दाम ठेवला होता की चुकून, ते तिचं तिलाच माहीत नव्हतं.

मॅडमनी वाचलं. नडगी, डावी. सफाई, दोनदा. सात वाजून चार मिनिटं. मग पाच दिवसांच्या तारखा. मॅडमना तारखा वाचता येतात, त्यांचा तो धंदाच. त्या हळूच शेजारच्या स्टुलावर बसल्या.

"मला विचारायचं होतंस."

"तुम्ही म्हणाला होतात, का ते तुमच्यावर सोडायचं."

हे ती रागाने म्हणाली नाही. जे होतं ते सांगितलं.

"मला तरी तेव्हा कुठे ठाऊक होतं," मॅडम म्हणाल्या. "पण ठाऊक नाही, एवढं तरी सांगितलं असतं."

त्यांनी फॉर्म परत तिच्यापुढे ठेवला. निकालाचा रकाना रिकामा होता. तिने त्यात एक शब्द लिहिला, गेली सहा वर्षं लिहीत आली होती तोच, फक्त आदरार्थी. गेले. शेवटच्या रकान्यावर पेन नेलं, बराच वेळ तसंच धरलं. मॅडमनी या वेळी फुली दाखवली नाही. पण तिला काय लिहायचं ते सुचेना. खाली सही करायची जागा होती, तिथे तिने सही केली.

डब्यात, लाल दिव्याखाली, सकाळची नडगीवाली अजून उभी होती. दुसरी तिच्या पायाशी वाकली होती. टिपणताईने नवा फॉर्म ओढला, घड्याळ पाहिलं आणि लिहिलं: पाच वाजून वीस मिनिटं, चाटते आहे.

पाच वाजून तीस मिनिटं, चाटते आहे.

पाच वाजून चाळीस मिनिटं.