संस्थेचे नाव लिहा

मित्रांनो, झरीच्या पुढे रस्ता संपतो तिथल्या पाड्यावर ग्रामपंचायतीचे कार्यालय आहे. त्याच्या व्हरांड्यात, पत्र्याखाली टांगलेला जुना पांढरा डबा म्हणजे मी. पांढरा म्हणायचे ते कागदोपत्री. आता माझ्या पाठीमागे पालीने बिऱ्हाड केले आहे आणि माझ्या दोन शिंगांपैकी एकच धड उरले आहे. वायफाय देणारे यंत्र म्हणून माझे खरे नाव लांबलचक आणि इंग्रजी आहे, पण ते इथे कुणी घेत नाही. "डबा चालू हाय का?" एवढेच विचारतात, आणि मलाही तेच बरे वाटते.

आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू सहसा उसासे टाकतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मी रागावलो आहे, आणि का रागावलो ते सांगितल्याशिवाय भंगारात जाणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या मुलींनी मला जोडले, खोक्यात घातले आणि हायवेने तलासरीला पाठवले. तिथून पुढे मी जीपमध्ये एका शेळीच्या शेजारी बसून पाड्यावर आलो. माझ्या आधी काचेची तार आली होती. केसाहून बारीक, आणि तिच्यातून उजेड पळतो. ती पुरायला रस्त्याकडेचा चर पाड्यातल्याच लोकांनी खणला. खणणाऱ्यांतल्या शुक्राला वाटले होते की नळाचे पाणी येते आहे. तार बघून तो मुकादमाला म्हणाला, "ह्या दोरीतून पानी कसा येल?"

"पाणी नाही रे, माहिती येणार."

"मंग पानी कधी येल ती माहिती पयली मागव," शुक्रा म्हणाला आणि पुन्हा खणू लागला.

माझ्या उद्घाटनाला एक साहेब आले. माझ्यावर झेंडूचा हार चढला, नारळ फुटला आणि त्याचे निम्मे पाणी माझ्या वायरीवर उडाले. साहेब म्हणाले, "आता जग तुमच्या दारात आले आहे." भिंतीवर निळ्या अक्षरात रंगवले: सर्वांसाठी खुले. टाळ्या झाल्या, साहेब गेले, आणि मग मला वापरायचे कसे ते कळले. मला वापरायचे तर मोबाइलवर ओटीपी यायला हवा होता. मोबाइलला इथे रेंज नाही. रेंज नाही म्हणून तर मला आणले होते! रेंज मिळते ती टेकडीवर, मोहाच्या झाडाखाली. माणसे टेकडी चढत, ओटीपी घेत, धावत खाली येत, तोवर त्या ओटीपीची मुदत संपलेली असे. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. असला नियम ज्याने केला तो कधी टेकडी चढला नसावा. थोड्याच दिवसांत लोकांनी माझा नाद सोडला आणि माझ्या हाराची फुले शेळीने खाल्ली.

मला जागे केले नविनने. नविन पंचायतीचा कॉम्प्युटर ऑपरेटर, इथलाच मुलगा, तलासरीला शिकलेला. त्याने ओटीपीची कटकट काढून टाकली आणि जो मागेल त्याला कार्यालयाचा पासवर्ड सांगितला. वरून विचारणा झाली तेव्हा तो म्हणाला, "भिंतीवर लिहिलंय तेच केलं, साहेब." मग मात्र माझे दिवस आले. कुणी भाताच्या किडीवर औषध शोधले, कुणी दाखल्याचे काय झाले ते पाहिले, पाड्यातल्या म्हाताऱ्या सुकीने उमरगावच्या कारखान्यात राबणाऱ्या लेकाचे तोंड पाहिले आणि "वाळलास रं" म्हणून त्याला झापले. व्हरांड्यात चपला मावत नसत. इतके कौतुक माझ्या वाट्याला आले की माझा हिरवा दिवा विझायचे नाव घेईना.

आता बायजीबद्दल सांगतो, कारण माझा राग तिच्यापासून सुरू होतो.

बायजी धवलेरी. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. इथल्या पाड्यांवर लग्न भटजी लावत नाही. सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि धवलेरी गाऊन गाऊन त्या चौकात देवीला बोलावते. गाणे पुरे झाले नाही तर लग्न पुरे झाले असे कुणी मानत नाही. बायजीचा आणखी एक नेम होता: लग्नाचे गाणे लग्नातच गायचे. सरावाला नाही, हौसेला नाही, कुणी पाहुणा आला म्हणूनही नाही. शिकायचे असेल त्याने लग्नात शेजारी बसावे आणि कान उघडे ठेवावेत. तिची सून मालू अशीच बसून शिकत होती.

एकदा शहरातल्या एका मोठ्या संस्थेची दोन माणसे आली. गाणे जतन करायचे म्हणाली. बायजीने त्यांना लग्नापर्यंत थांबवले, त्यांनी मांडवात बसून सगळे ध्वनिमुद्रण केले, आणि दुसऱ्या दिवशी ते माझ्याच अंगावरून संस्थेकडे पाठवले. केवढे मोठे गाणे ते! सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी घामाघूम.

"आजी, आता तुमचं गाणं जगात कुणालाही ऐकता येईल," त्यातला एकजण म्हणाला.

"ऐको की. शिको बी," बायजी म्हणाली. "फक्त कुनी हसायचा नाय."

यंदा होळीच्या आधी बायजीच्या अंगावरून वारा गेला. कासा गावच्या दवाखान्यातून ती परतली तेव्हा उजवे अंग लुळे होते आणि वाचा गेली होती. ऐकू सगळे येते, समजते, पण तोंडातून शब्द येत नाही. त्यातच सुकीच्या नातीचे, शितलचे लग्न ठरले. मुलगा आशागडचा, चंदर नावाचा. आसपासच्या पाड्यांत दुसरी धवलेरी उरलेली नाही. लग्न लावायचे ते मालूनेच. आणि मालूला देवीला बोलावण्याचा शेवटचा भाग पुरता येत नव्हता. तो पहाटेच्या सुमाराला यायचा, तोवर लहान पोर मांडीवर झोपवता झोपवता तिचाही डोळा लागायचा.

मालू पंचायतीत आली. तिचा हिशेब सरळ होता. "नविन, गाणा डब्यातून गेला ना? मंग डब्यातूनच परत आन."

नविनने संस्थेचे पान उघडले. मी जीव तोडून ओढून आणले. वरच बायजीचा फोटो, नाकात नथ, डोळे मिटलेले. खाली लिहिले होते: गायिका, एक स्थानिक महिला. जिचे नाव अख्ख्या तालुक्याला ठाऊक, तिचे नाव लिहायला त्यांची शाई संपली होती. नविनने बटण दाबले. बायजीचा आवाज व्हरांड्यात आला, मालूने पदर तोंडाला लावला, आणि तेवढ्यात गाणे तुटले. पडद्यावर कुलपाचे चित्र आले. संपूर्ण ध्वनिमुद्रण केवळ सदस्य संस्थांसाठी. संस्थेचे नाव लिहा.

"काय म्हनते?" मालूने विचारले.

"संस्थेचं नाव मागतंय."

"मंग लिही की. आपली हाय ना संस्था."

इथे संस्था म्हटले की एकच, पाड्यातले भात विकत घेणारी. तिच्या गोदामावर पाटी आहे, मालूच्या घरातल्या गोण्यांवर तिचा शिक्का आहे. नविनने तेच नाव टाकले, आणि मी ते पोहोचवले. उत्तर लगेच आले: आपली संस्था आमच्या यादीत नाही. मित्रांनो, गाणे देणाऱ्यांचे गाव यादीत नाही, आणि गाणे नेणारे मात्र यादी करणारे! आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण मी या व्हरांड्यात पुष्कळदा ऐकली होती. कळली त्या दिवशी.

नविनने माझ्यावरूनच संस्थेला फोन लावला. तिथल्या बाई गोड बोलल्या. "नियम आहे हो. हक्क राखीव आहेत. अर्ज करा, समितीपुढे ठेवू."

मालूने फोन आपल्या हातात घेतला. "बाई, मना सगला नको. शेवटचा तुकडा पायजे. लग्न परवा हाय."

"तुमच्या भावना आम्ही समजू शकतो," बाई म्हणाल्या.

"भावना ऱ्हाऊ द्या. गाणा द्या."

बाईंनी फोन ठेवल्याचा आवाज माझ्याइतका जवळून कुणी ऐकला नसेल. नविनने टेबलावर मूठ आपटली. मालू उठली आणि चौकासाठी तांदूळ भिजत घालायला गेली. मला तिच्यामागे जाता आले नाही. माझे सगळे दिवे चालू होते आणि माझा काडीचा उपयोग नव्हता.

लग्नाचा मांडव पंचायतीसमोरच होता, त्यामुळे मी सगळे पाहिले. बायजीला बाजेसकट उचलून मांडवाच्या कडेला आणले होते. मालू गायला बसली. आवाज सासूसारखा नाही, थोडा जाड आहे, पण खरा. गात गात ती त्या शेवटच्या भागाशी आली आणि थांबली. तिने लपवले नाही. "म्होरचा मना येत नाय," ती म्हणाली.

मांडवात कुणी हसले नाही. मग सुकीने घसा खाकरला आणि आपल्या लेकीच्या लग्नात ऐकलेल्या दोन ओळी म्हटल्या. मागून एका म्हातारीने पुढची ओळ धरली. कुणाला एक आठवत होती, कुणाला अर्धी. बायजीचा डावा हात बाजेच्या लाकडावर ठेका देऊ लागला. जिथे कुणालाच काही आठवेना तिथे सगळ्या बायका गप्प बसून राहिल्या, बायजीच्या हाताचे ठोके पुरे होईपर्यंत, आणि मग पुढे गेल्या. अशा रीतीने शितलचे लग्न लागले. कुणीही कुणाला संस्था विचारली नाही.

चंदरच्या भावाने, दिपकने, हे सगळे मोबाइलवर घेतले होते. मालूच्या सांगण्यावरून नविनने ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांना दिसेल असे इंटरनेटवर चढवले. वर बायजीचे नाव, मग मालूचे, मग ज्यांनी ज्यांनी ओळ दिली त्या बायकांची. आजूबाजूच्या पाड्यांतून लोक ऐकू लागले. ज्या ओळी राहिल्या होत्या त्या कुणीतरी कळवील, अशी मालूला आशा होती.

ओळी आल्या नाहीत. नोटीस आली, आणि तीही माझ्याच अंगावरून. त्या मोठ्या संस्थेने गाणे आपल्या नावावर नोंदवून ठेवले होते. कुठल्याशा यंत्राने दोन्हीकडची चाल ताडून पाहिली आणि निकाल दिला: या ध्वनीवर दुसऱ्याचा हक्क आहे, म्हणून आवाज बंद करण्यात येत आहे. पडद्यावर बायका ओठ हलवत होत्या, बायजीचा हात बाजेवर पडत होता, आणि आवाज नव्हता. चोर तो चोर, वर शिरजोर. मी यंत्र आहे, पण त्या यंत्राची मला लाज वाटली.

खाली लिहिले होते, दावा मान्य नसल्यास कळवा. नविन वाचत गेला. "आपलं या ध्वनीशी नातं काय, असं विचारलंय. निर्माता, हक्कधारक संस्था किंवा इतर. इतर असेल तर स्पष्ट करा."

"लिही, सून," मालू म्हणाली.

"एवढंच?"

"मंग अजून काय? नाता इचारला, नाता सांगला."

नविनने लिहिले. मी ते त्याच क्षणी पाठवले, वाटेत एक अक्षरही सांडू दिले नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाही तरी चालेल. पालीलाही राहू द्या. पण गावातून जे नेता ते गावात परत यायची वाट मोकळी ठेवा. तुम्ही शिकून मोठे व्हाल, तुमच्यातलेच कुणी उद्या अशा संस्थेत खुर्चीवर बसेल, कुलपे लावील, नियम लिहील. तेव्हा आधी विचारा की हे कुणाच्या घरून आणले आहे. आणि आजही तिथे कुणी बसले असेल, तर मालूला उत्तर पाठवा. ते अजून आलेले नाही. मी चालू आहे. बायजीला अजून ऐकू येते.