ताईंना आणायची गाडी

अतुलच्या गाडीचे ब्रेक देवीदासच्या पोटात दुखत होते, आणि हे दुखणं कुठल्या डॉक्टरला सांगण्यासारखं नव्हतं.

त्याचं झालं असं. भिलाईत सेक्टर दहाला दत्तजयंतीचं कीर्तन असतं. भंडाऱ्याहून कीर्तनकार गिरजाताई येतात. ताईंचा सूर लागला की ड्युटीवरून थकून आलेली माणसंही ताठ बसतात. या ताईंना दुर्ग स्टेशनावरून आणायचा मान देवीदासच्या जुन्या एस्टीम गाडीचा. गेल्या वर्षी तो नेमका तापाने आडवा झाला आणि त्याच सेक्टरातला अतुल गेला. त्याचीही एस्टीमच, तितकीच म्हातारी. पण हौशी पोराने तिला मोठी चाकं आणि पुढे ब्रेकच्या मोठ्या डिस्क बसवलेल्या. उतरताना ताई चारचौघांत म्हणाल्या, "अतुल, तुही गाडी किती अलगद थांबते रे! मांडीवरची वीणा हालली नाही."

झालं. वर्षभर दत्तापुढे हात जोडले तरी देवीदासच्या कानात तेच वाक्य. इतकी वर्षं आपण आणलं, आपल्याला नाही कधी म्हणाल्या! त्यात रविवारी शहराबाहेरच्या मैदानात जुन्या गाड्यांच्या शर्यती होत. तिथेही अतुल वळणाच्या तोंडाशी जाऊन ब्रेक लावायचा. देवीदासचे ब्रेक दोन फेऱ्यांतच तापून धूर सोडायचे.

दत्तजयंती आठवड्यावर आली, तसा तो पावर हाउस बाजारात बबलू मिस्त्रीकडे गेला.

"काका, पहले ये बताओ, गाडी रोडवर चालवाची का ट्रॅकवर?"

"दोन्हीकडं. अतुलपेक्षा मोठी डिस्क टाक."

"तुमच्या चाकात बसणारच नाही. ब्रेक ऑइल बदला, नळ्या नव्या टाका अन् चांगले पॅड घ्या. तेवढ्यात काम होते."

बबलूने डिस्कला आवळून धरणारे ते पॅड समोर मांडले. देवीदासचा जन्म गेला स्टील प्लांटमध्ये भट्ट्यांना आतून विटा लावण्यात. तिथे विटेला एकच प्रश्न विचारतात : बाई, तू ताप किती सोसतेस? तोच प्रश्न त्याने पॅडला विचारला आणि सगळ्यांत जास्त ताप सोसणारा उचलला.

"वो रेस का है, काका! तापल्याबिगर पकडतच नाही. रोडवर नका लावू."

"आमी लोखंडाचं पाणी ठेवतो भट्टीत, अन् तू मले गरमी शिकवून राहिला? हाच लाव."

रविवारी त्याने अतुलला मागे टाकलं. अतुल धावत आला, गळ्यातच पडला. "देवीदासभाऊ, काय थांबवली गाडी! कोणते पॅड टाकले?"

"हायेत असेच," देवीदास म्हणाला. सांगितलं नाही. पेढा एकट्याने खावा तसा तो विजय त्याने एकट्याने खाल्ला.

मग गाडी झाकून ठेवली. ड्युटीला तो स्कूटरच न्यायचा. जयंतीच्या पहाटे गाडी फाटकातून निघाली, तेव्हा बायको कांता म्हणाली, "अहो, हे ब्रेक काहून केकाटून राहिले? नाही तर अतुलभाऊंना पाठवा."

त्या नावावर त्याने काच वर केली.

थंडी कडक होती. स्टेशनावर गिरजाताई मागे वीणा घेऊन बसल्या. रस्ता मोकळा, ब्रेकला पाय लावायचं काम नव्हतं. आणि एका चौकात समोर बस थांबली. देवीदासने पाय दाबला. जणू लाकडावर दाबला, गाडी थांबेचना. त्याने स्टिअरिंग फिरवलं, आणि गाडी कडेच्या रेतीच्या ढिगात नाक खुपसून थांबली. वीणा पुढच्या सीटवर आपटली. टण्णकन एक तार गेली.

"दत्ता, दत्ता! मले काही नाही झालं रे. तुले लागलं काय?"

त्याला लागलं नव्हतं. त्याला बबलूचं बोलणं आठवलं होतं. आता दोन उपाय होते. ब्रेकवर पाय रगडत चालवली तर पॅड तापले असते. कुणाला न कळता ताईंना पोचवता आलं असतं. पाय तिकडे गेलाही. मग त्याने आरशात पाहिलं. ताई तुटलेली तार बोटाला गुंडाळत होत्या. त्याने पाय काढला आणि अतुलला फोन लावला.

अतुल पायजम्यावरच आला. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं, मेला मारेचना.

"रेसचे पॅड हायेत रे," देवीदास खाली पाहत म्हणाला. "थंडीत पकडत नाहीत. ताईंले तू ने."

"मले विचाराचं ना, भाऊ! माह्या मोठ्या डिस्कवर रोडचेच पॅड हायेत."

ताई त्या गाडीत बसल्या. देवीदास मागून बैलगाडीच्या चालीने आला, पुढचे लाल दिवे बघत, जळत.

कीर्तनात तो चपलांपाशी बसला. नवी तार लागली, ताईंचा सूर लागला. पण अतुल पुढे बसलेला त्याला दिसतच राहिला. प्रसादाच्या वेळी विषय निघाला, ताईंना सोडायचं कोणी? अतुल उठलाच होता.

"देवीदास सोडते ना मले," ताई म्हणाल्या.

"ताई, माहे ब्रेक..."

"मंग बदल. मी उद्या जाईन."

सकाळी बबलूने रोडचे पॅड बसवले. "बोला था ना, काका," हे त्याने तीनदा ऐकवलं, देवीदासने तीनदा ऐकून घेतलं.

दुर्ग स्टेशनाशी गाडी थांबली. मागून काहीच आवाज नाही. देवीदास वळला. गिरजाताई गाढ झोपल्या होत्या, आणि वीणा मांडीवर होती तशीच.

ते वाक्य आता कोण म्हणणार? त्याने काचेतून इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. अतुल कुठेच नव्हता. आज पाहिजे होता लेकाचा!

"ताई," तो हळूच म्हणाला, "टेशन आलं."