मुकुट कोणाच्या हातून

अमेरिकेतल्या नोव्हायमध्ये संक्रांतीला पतंग उडत नाहीत. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि आत शाळेच्या ऑडिटोरियममध्ये काळ्या साड्यांची गर्दी. दर वर्षी हळदीकुंकू आणि जेवण यांच्या मधल्या वेळात शुभाकाकू एका राजाची गोष्ट सांगायच्या. आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवलेला, आणि आजोळी ओव्यांवर वाढलेला कान. त्यामुळे त्यांचा राजा कुठल्याही मुलखातला असो, बोलायचा मराठीत आणि मधूनच गायचा.

यंदा राजा होता शार्लमेन.

निघताना देवदत्तकाका म्हणाले होते, "चंद्रकळा नेस. ती जरीची."

"गोष्ट सांगायला जरी कशाला?"

"अगं, फोटो काढतात हल्ली," म्हणत काका गाडी गरम करायला जे गेले, ते नजर चुकवूनच. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाला खोटं बोलता आलेलं नाही. शुभाकाकूंनी जरीची नेसली आणि मनात एक गाठ मारून ठेवली.

आता त्या माइकसमोर उभ्या होत्या. ओढण्या-पदरांची सळसळ, पोरांची कुजबुज, सगळं हळूहळू निवत गेलं.

"ऐका बायांनो, बाप्यांनो. राईन नदीच्या अल्याड एक राजा होता. उंच असा की दारातून वाकून यावं, आणि आवाज म्हणाल तर बारीक. अर्ध्या युरोपावर त्याचं राज्य. राजा काही देव नव्हता बरं! सॅक्सन लोकांना त्यानं तलवारीखाली धर्म शिकवला, हजारोंची मुंडकी उडवली. ते पाप झाकून मी गोष्ट सांगणार नाही. पण याच राजानं हुकूम काढला की ठिकठिकाणी शाळा काढा. दासाचं पोर आणि मोकळ्या घरचं पोर एका ठिकाणी बसवा, वाचायला शिकवा. कुणाचा कोण, ते दारात विचारू नका."

शेवटचं वाक्य राजाचं नव्हतं, काकूंचं होतं. त्यांच्या रविवारच्या मराठी शाळेचा तोच एक नियम. चर्चच्या तळघरात भरणाऱ्या त्या शाळेत मराठी घरची पोरं यायची, तशीच शेजारची तेलुगू जुळी यायची, आणि आजीशी बोलता यावं म्हणून आलेली, निम्मी आयरिश, निम्मी कोल्हापुरी एक मुलगीही.

त्या शाळेवरूनच पंधरवड्यापूर्वी संग्रामशी खटका उडाला होता. संग्राम इथल्या मराठी मंडळाचा नवा अध्यक्ष. घरं विकायचा धंदा, हात मोकळा, उत्साह उतू जाणारा. "काकू, शाळा मंडळात घेऊ या. प्रॉपर करू. मेंबर्सच्या मुलांसाठी, सर्टिफिकेट वगैरे."

"आणि बाकीची मुलं?"

"त्यांनी मेंबर व्हावं ना, सिंपल आहे."

"नाही," काकू म्हणाल्या होत्या. संग्राम हसून म्हणाला होता, "बघू हो काकू. सगळ्यांसमोर ठरवू."

काकूंनी श्वास घेतला आणि राजाला रोमला नेलं. नाताळचा दिवस. थोरलं देऊळ, समयांचा उजेड, राजा प्रार्थनेला वाकलेला. त्यांनी सूर लावला:

*गुडघे टेकिले राजानं, डोई झुकली खाली गं*
*मागून आले दोन हात, सोनं पडलं भाळी गं*

"पोपनं मागून येऊन मुकुट ठेवला! लोक ओरडले, सम्राट, सम्राट! आणि हा सम्राट नंतर काय म्हणाला असेल? म्हणाला, आधी कळलं असतं ना, तर एवढा सण असूनही मी त्या देवळात पाऊल टाकलं नसतं."

सभागृह हसलं. त्या हशात काकूंची नजर विंगेकडे गेली. तिथे निमिष नावाचा मंडळाचा कार्यकर्ता ताट धरून उभा होता. ताटात शाल, नारळ. त्याच्या मागे, गुंडाळीतून वर ओढलेला उभा बॅनर: "मराठी शाळा, मंडळाचा उपक्रम, फक्त सभासदांसाठी." खाली काकूंचा फोटो, आणि फोटोखाली 'निवृत्त संस्थापिका'.

मनातली गाठ सुटली. देवदत्तकाका पहिल्या रांगेत आपल्याच बुटांकडे बघत होते.

काकूंना सत्कार ठाऊक होते. शाल एकदा खांद्यावर पडली की माणूस भांडत नाही, दोन शब्द आभाराचे बोलतो. हातात नारळ घेऊन 'नाही' म्हणणारी बाई त्यांनी आजवर पाहिली नव्हती. पाच मिनिटांत गोष्ट संपणार, टाळ्या होणार, मागून दोन हात येणार, आणि रविवारी त्या जुळ्यांना कुणीतरी दारात थांबवणार.

गोष्ट इथेच संपवायची, असं घरून ठरवून आल्या होत्या. त्यांनी ती संपवली नाही.

"थांबा, उठू नका. राजा ते विसरला नाही. कारण जो हात मुकुट ठेवतो, तो उद्या काढूनही घेतो. तेरा वर्षं गेली. राजा म्हातारा झाला, पाय दुखायला लागले. आपल्या राजधानीत, आखेनच्या देवळात त्यानं पोराला बोलावलं, लुईला. कुणी म्हणतं, बापानंच त्याला मुकुट घातला. पण एक जुना सांगणारा वेगळं सांगतो, आणि मला त्याचंच पटतं. बघायचंय कसं? निमिष, आण रे ते ताट इकडे!"

निमिष गांगरला. त्यानं संग्रामकडे पाहिलं. पण सभागृह टाळ्या वाजवत होतं, सगळ्यांना वाटलं हा नाटकाचाच भाग. निमिष ताट घेऊन आला.

"ठेव टेबलावर. ही झाली वेदी, आणि शाल हा मुकुट. आता लुई पाहिजे. सावनी, ये गं वर."

सावनी नागपूरची. दिवसभर कोड लिहायची आणि दोन वर्षं रविवारी काकूंबरोबर शिकवायची. पोरं तिच्यावर जीव टाकायची. पण खडूचा रंग कुठला घ्यायचा इथपासून सगळ्याला तिचं एकच उत्तर, 'काकू, तुम्ही सांगाल तसं.' काकूंना खरी धास्ती या उत्तराचीच होती.

सावनी ताटासमोर येऊन वाकली, डोकं पुढे करून. काकूंनी हात मागे बांधले.

*ऊठ लेका, चाल पुढं, वाट कुणाची पाहशी रे*
*तुझं ओझं तुझ्या हाती, तूच डोई वाहशी रे*

सावनीनं मान वर केली. काकूंचे बांधलेले हात पाहिले, मग बॅनर पाहिला. वाचला. तिचा चेहरा बदलला. तिनं शाल उचलली आणि स्वतःच्या खांद्यावर स्वतःच टाकली.

"लुईनंही असाच वेदीवरचा मुकुट आपल्या हातानं उचलून घातला. आजपासून शाळा ही चालवेल," काकू माइकमध्ये म्हणाल्या. "माझा सत्कार झाला असं समजा."

टाळ्या पडल्या, पण अर्ध्यातच अडखळल्या, कारण संग्राम फोन हातात घेऊन वर चढला होता. चेहऱ्यावर हसू, कान लाल.

"वा काकू, मानलं! पण यार, मी गूगल केलं. तीन वर्षांनी याच लुईनं पोपकडून परत मुकुट घालून घेतला. हे सांगितलं नाही तुम्ही!"

सभागृह खो-खो हसलं. खरं होतं ते. "खरं आहे," त्या म्हणाल्या. इतिहासाच्या बाईला याहून वेगळं म्हणता येत नाही.

"मग? सावनी, मंडळ तुझ्या पाठीशी आहे. तू फक्त हो म्हण."

काकूंना वाटलं, ही आता आपल्याकडे बघेल. सावनीनं बघितलं नाही.

"संग्रामदादा, मंडळाची मदत हवीच आहे. खुर्च्या द्या, पुस्तकं द्या, पोरांच्या गॅदरिंगला हा हॉल द्या. आणि तुमचा ओजस माझ्या वर्गात आला ना, तेव्हा तुम्ही मेंबर नव्हता. टेक्ससहून नुकतेच आला होता. विचारलं होतं का काकूंनी?"

"अगं, ते वेगळं..."

"काय वेगळं?" मागून कुणीतरी ओरडलं. संग्रामची बायको प्रीता होती ती. "सांग की, काय वेगळं!"

आता हसू आवरेना कुणाला. संग्रामलाही आवरेना, शेवटी मनानं माणूस वाईट नव्हता. त्यानं कपाळाला हात लावला, विंगेत गेला आणि बॅनरची कळ सोडली. सर्रकन तो आपल्या नळीत शिरला. "खुर्च्या किती हव्यात ते कळव," तो म्हणाला.

"कळवते. आणि लुईचं म्हणाल तर तो लुई होता. मी सावनी आहे."

काकू पायऱ्या उतरल्या. देवदत्तकाकांनी शेजारची खुर्ची पुसली. "मला वाटलं, तुला सत्कार आवडेल गं."

"घरी चला, मग सांगते," काकू म्हणाल्या, पण हात त्यांच्या हातावरच ठेवला.

वर सावनीनं माइक तोंडाजवळ ओढला. "गोष्ट अजून संपली नाही. त्या राजाचं राज्य नातवंडांनी तीन तुकड्यांत वाटून घेतलं, फिनिश. पण त्याच्या मठांमध्ये एक सुटसुटीत, गोल अक्षर घडलं होतं, कुणालाही वाचता येईल असं. आज तुमच्या फोनवर जी छोटी इंग्लिश अक्षरं आहेत ना, ती डायरेक्ट त्यांचीच पोरं."

डायरेक्ट कशी? मध्ये काळी टोकदार लिपी आली, मग इटलीतल्या पंडितांनी जुन्या वह्या-पोथ्यांतून ती परत शोधली... काकूंचा हात आपसूक वर गेला.

सावनीनं तो पाहिला.

"काकू, प्रश्न शेवटी," ती म्हणाली, आणि पुढे सांगू लागली.

काकूंनी हात खाली घेतला. आज्ञाधारकपणे.