पाचारणाचा अहवाल

पार्लरवाली चक्क घोरत होती.

अर्धा तास मौनात बसायचं आणि देव काय म्हणतो ते ऐकायचं, हा आमचा दर गुरुवारचा शिरस्ता. पाळकपदाची दीक्षा मागणाऱ्या प्रत्येकाला वर्षभर चर्चमागच्या या खोलीत माझ्यापुढे बसावं लागतं. त्याला खरंच देवाचं पाचारण झालंय की नुसतं तसं वाटतंय, हे पारखायचं माझं काम. आधीचे अकराजण डोळे मिटून खांबासारखे ताठ बसायचे. ही बारावी. ही पाचव्या मिनिटाला मान टाकायची.

"अगं ए, ऊठ!"

"अय्या, लागला वाटतं डोळा." तिने तोंड पुसलं. "सकाळपासून उभी आहे हो ताई. दोन नवरीमुलींचा मेकअप होता."

"मग? काय ऐकलंस?"

"काहीच नाही. पण छान वाटलं. माहेरी येऊन झोपल्यासारखं."

माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. पस्तीस वर्षं मी पहाटे उठून गुडघे टेकतेय. देव एकदा खाकरलासुद्धा नाही. आणि हिला म्हणे, आजारपणात केस गेलेल्या एका गिऱ्हाइकाचं डोकं धुताना कळलं! ती बाई रडायला लागली, हिने फेसाळ हातांनीच प्रार्थना केली, आणि झालं पाचारण. मी तिशीत होते तेव्हा बायकांना दीक्षाच नव्हती. ती मिळायला लागली तेव्हा मला सेहेचाळीस पूर्ण झाली होती, आणि मर्यादा पंचेचाळीसची. मग मला हे काम दिलं. दुसऱ्यांना वाढायचं, आपण पंगतीला बसायचं नाही.

आज शेवटचा गुरुवार होता. अहवाल मी परवाच लिहून ठेवला होता. आमच्याकडे पद्धत अशी, की अहवाल आधी उमेदवाराला तोंडावर वाचून दाखवायचा, त्याने 'ऐकलं' असं लिहून सही करायची, मगच तो बिशपांकडे जातो. पाठीमागून वार नको म्हणून.

मी चष्मा लावला. "उमेदवाराची श्रद्धा प्रामाणिक आहे. परंतु गांभीर्य व एकाग्रता कमी पडते. दोन वर्षे थांबावे."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मग हळूच म्हणाली, "ताई, मला पुढच्या महिन्यात चव्वेचाळीस पूर्ण होतात."

"माहीत आहे."

"म्हणजे दोन वर्षांनी सेहेचाळीस..."

"नियम काही मी केलेला नाही."

वाटलं, आता भांडेल. भांडली असती तर किती बरं झालं असतं! पण तिने पेन उचललं, 'ऐकलं' लिहिलं आणि सही केली.

"तुम्ही वर्षभर बघताय मला," ती म्हणाली. "तुम्हाला दिसलं असेल ते मला कसं दिसणार?"

बैठक प्रार्थनेने संपवायची आणि ती मी करायची. मी हात जोडले, पण तोंडातून शब्दच फुटेना. पंधरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तिने थोडी वाट पाहिली आणि स्वतःच सुरुवात केली.

"बापा, ताईंना हे लिहिताना फार जड गेलं असेल. त्यांनी माझ्यापायी जिवाला लावून घेऊ नये. त्यांना सांभाळ. आमेन."

जड? मेलीला काय माहीत, ते लिहून झाल्यावर मी मस्त चहा करून घेतला होता, वर दोन बिस्किटंही खाल्ली होती!

ती पर्स घेऊन दारापर्यंत गेली.

"थांब," मी म्हटलं. "बस खाली. हे मी जळून लिहिलंय."

"काय?" ती दारातूनच म्हणाली.

"जळून गं, जळून! तुला मिळालं आणि मला नाही म्हणून. तुझ्यात काही कमी नाही. घोरतेस, तेवढं सोडून."

ती येऊन बसली. मला वाटलं, आता चिडेल किंवा रडेल. तिने विचारलं, "तुम्हाला अजून हवंय, ताई?"

"रोज," मी म्हटलं. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

ती सरकून माझ्या शेजारी बसली. मग मी जुना अहवाल टराटरा फाडला आणि नवा कागद घेतला. दोनच वाक्यं लिहिली. मग पद्धतीप्रमाणे वाचून दाखवली. "पाचारण खरे आहे. उशीर करू नये." दुसरं वाक्य मी दोनदा वाचलं. तिने 'ऐकलं' लिहून सही केली.

ती गेल्यावर मी तशीच बिशपांच्या कचेरीत गेले. कारकून कपाटाला कुलूप लावत होता.

"उद्या द्या की, ताई. घाई कसली?"

"आत्ताच घे. आणि शिक्का मारून पोच दे."

"पोच? इतकी वर्षं कधी मागितली नाहीत ती?"

"दे म्हणते ना! नाहीतर उद्या सकाळी येऊन मीच अहवाल परत मागेन."

त्याला ती थट्टा वाटली. हसत हसत त्याने शिक्का मारला.