कात्रणाखालची ओळ

महिला व बालकल्याण खात्याच्या राज्यमंत्री गावात येणार आणि त्यांची ओटी संयोगिता भरणार, असं सरपंच भाऊसोंनी चावडीत जाहीर केलं, तेव्हा शालूबाईच्या पोटात असं दुखलं की तिनं पदराचं टोक मुठीत आवळून धरलं. महिला मंडळ काढलं कुणी? शालूबाईनं. फलटणच्या कचेरीत खेटे घालून शिवणयंत्रं आणली कुणी? शालूबाईनं. मंत्र्यांना या आडगावात बोलवायला तेरा पत्रं धाडली कुणी? तीही तिनंच. आणि ओटी भरणार कोण, तर दोन वर्षांपूर्वी सांगलीहून वीरधवलची बायको म्हणून गावात आलेली, गावातली कुठली विहीर कुणाची हेही अजून ठाऊक नसलेली पोर.

"आवं शालूकाकू, मंडळ तुमचंच हाय की," भाऊसो समजुतीनं म्हणाले. "पर ओटी सवाष्णीनं भरायची असती. तुमी म्होरं बसून समदं बघा."

शालूबाईचा नवरा कृष्णात फौजेत होता. तो गेला त्याला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिनं कुणाच्या ओटीला हात लावला नव्हता, आणि लाव म्हणून कुणी म्हटलंही नव्हतं. मंडळाचं हळदीकुंकू असलं की या अध्यक्षीणबाई स्वतः सतरंजी अंथरायच्या, आणि सवाष्णी यायला लागल्या की उठून मागच्या दारी जायच्या. त्याची तिला सवय झाली होती, निदान तिला तसं वाटत होतं. आता मात्र संयोगिताच्या हातातल्या हिरव्या चुड्याचा, कपाळावरच्या कुंकवाचा, तिच्या बी. ए.चा, न अडखळता बोलण्याचा, सगळ्याचाच तिला एकदम हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी संयोगिता स्वतःच दारात उभी. "काकू, स्वागताचं भाषणही मलाच करायला सांगितलंय. या खात्याचा इतिहास तुमच्याइतका कुणाला ठाऊक? तुमची ती वही चार दिवस द्याल का?"

म्हणजे ओटी तर गेलीच, आता वहीसुद्धा. "उद्या ये," शालूबाई तुटकपणे म्हणाली.

वही म्हणजे तिच्या जिवाचा तुकडा. बायकांचं काम समाजकल्याण खात्याच्या एका कोपऱ्यात पडलेलं असायचं तेव्हापासूनची कात्रणं तिनं खळीनं चिकटवली होती. मग त्र्याण्णव साली वेगळं खातं झालं, पुढच्या वर्षी महिला धोरण आलं. खात्याच्या खुर्चीवर कोण बसलं, कोण उठलं, कुणाला पूर्ण मंत्रिपद मिळालं आणि कुणाची राज्यमंत्रिपदावरच बोळवण झाली, सगळं तिच्या वहीत होतं. गावातली माणसं पै-पाहुण्यांची कुळं सांगतात तशी ती या खात्याची कुळकथा सांगायची, आणि ऐकणारे हळूच काढता पाय घ्यायचे. प्रत्येक कात्रणाखाली ती शाईनं आपली एक ओळ लिही. त्या खुर्चीवरची बाई एक दिवस आपल्या दारात येईल, आणि तिला आपण वही दाखवू, एवढीच तिची इच्छा होती.

दुपारी वही काढून ती पानं चाळत बसली. नव्या मंत्रीणबाईंच्या पानावर तिचा हात थांबला. दोन महिन्यांपूर्वी त्यांचा शपथविधी झाला तेव्हाची बातमी. सहा वर्षांपूर्वी बाईंचे मालक वारले, त्यानंतर त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या, असं त्यात स्पष्ट छापलं होतं. फोटो एवढा काळपट की कपाळ धड दिसत नव्हतं. गावात दुसऱ्या कुणी ही बातमी वाचलेली नव्हती. एवढी मोठी बाई म्हणजे सवाष्णच असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. साडी, खण, नारळ, हळदकुंकू, सगळी यादी झाली, पण बाईंना मालक आहेत का एवढं विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

लगेच उठून भाऊसोंना सांगायला हवं होतं. शालूबाई उठली, पण सुई आणायला. सुईच्या टोकानं तिनं कात्रण अलगद सोडवलं आणि बटणांच्या डब्यात तळाशी ठेवलं. भरल्या मांडवात संयोगिता कुंकवाचं बोट पुढं करील, बाई मागं सरकतील, सारा गाव बघत राहील. होऊ दे फजिती. एवढं शिकून साधी चौकशी करता आली नाही, असं लोक म्हणू देत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संयोगिता आली, तेव्हा शालूबाईनं हसून वही तिच्या हातात दिली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी शाळेत ओटीचं ताट लावायला तिघी बसल्या. तिसरी मंडळाची चिटणीस बनाबाई, तोंडानं फटकळ आणि मनानं स्वच्छ. नारळाची शेंडी नीट करता करता तिनं विचारलं, "व्हय वं, बाईंचं मालक बी येनार हायत का संगं? त्यास्नी टोपी-टावेल आनाय पायजे."

शालूबाईनं मान वर केली नाही. संयोगिताही खणाच्या घड्या घालत राहिली. "काय म्हाईत," शेवटी शालूबाई म्हणाली. खोटं बोलताना तिचा आवाज अजिबात कापला नाही, याचं तिला नंतर फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी अकराला गाड्या आल्या. बाई उतरल्या, आणि त्यांचं मोकळं कपाळ पुढच्या रांगेतल्या बायकांनी आधी पाहिलं. कुजबूज मागं मागं सरकत मांडवाच्या टोकाला पोचली. भाऊसोंच्या कपाळावर घाम आला. तेवढ्यात माइकवरल्या मास्तरांनी कागदात बघून वाचूनही टाकलं, "आता सौ. संयोगिता वीरधवल माननीय मंत्रिमहोदयांची ओटी भरतील."

शालूबाई पुढच्याच खुर्चीत बसली होती. हाच क्षण तिनं आठवडाभर मनात घोळवला होता. संयोगिता ताट घेऊन उठली. आता पुढं गेली तरी फजिती, मागं फिरली तरी फजिती. आणि तेव्हा कुठं शालूबाईची नजर बाईंकडं गेली. ताटातलं कुंकू दिसताच बाईंनी पदर सावरून खुर्ची किंचित मागं घेतली होती. हळदीकुंकवाच्या दिवशी शालूबाई सतरंजीवरून उठायची, अगदी तशीच. फजिती संयोगिताची होणारच नव्हती, ती या बाईची होणार होती, आणि ती आपण घडवून आणली होती.

संयोगिता बाईंकडं गेलीच नाही. ती माइकपाशी थांबली. "ओटी भरायचा मान मंडळाच्या अध्यक्षांचा आहे," ती म्हणाली. "शालूकाकू, वर या."

"आगं बाई, हे काय इपरीत," मागून म्हातारी मनुबाई पुटपुटली. बनाबाईनं तिला कोपरानं ढोसलं, "उठा की."

ती उठली. पायऱ्या चढली. बांगड्या नसलेल्या हातांनी तिनं ताट घेतलं. बाईंनी तिच्या कपाळाकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग खुर्ची पुढं घेऊन मान खाली वाकवली. शालूबाईनं कुंकू लावलं. तांदूळ, खण, नारळ पदरात घातला. एकोणीस वर्षांनी तिचं बोट लाल झालं होतं. तिला रडू आलं, आणि त्या रडण्यातसुद्धा हेवा होताच. हे धाडस एवढ्या वर्षांत आपल्याला सुचलं नाही. आपला मानही आपल्याला या पोरीच्या हातून घ्यावा लागला.

गाड्या गेल्या, मांडव रिकामा झाला. शालूबाई शाळेच्या नळावर हात धुवायला गेली खरी, पण नळ न सोडता तशीच उभी राहिली. संयोगिता मागून वही घेऊन आली.

"काकू, यातलं एका पानावरचं कात्रण निघालंय. सापडलं तर परत चिकटवा."

"कुठल्या पानावरचं?" शालूबाईनं विचारलं. तिला ठाऊक होतं, तरी विचारलं.

संयोगितानं वही उघडून समोर धरली. खळीचा चौकोनी डाग, आणि त्याखाली शालूबाईच्याच अक्षरात, दोन महिन्यांपूर्वी मायेनं लिहिलेली ओळ. कात्रण काढताना ती ओळ तिच्या ध्यानातच आली नव्हती.

'हिचे पण मालक गेले. ही माझ्यासारखीच.'

वही शालूबाईच्या हातात देऊन संयोगिता ताट घासायला बसली.