पंचमाची घंटा आणि जयमालाबाईंचे हात

मित्रांनो, देव्हाऱ्यातली समजून मला कोणी हळदकुंकू लावू नका. मी गाण्यात वाजणारी काशाची हातघंटा आहे. आता जुनी झाले आणि चिडकीही.

आम्ही एकूण तेरा घंटा. प्रत्येकीकडे एकच सूर. ओताऱ्याने मला आतून किसत किसत पंचमावर आणले आणि वर चामड्याची मूठ बसवली. तेरा जणींनी आपापल्या वेळी आम्हांला हलवले, तरच गाणे होते. ती वेळ हाताच्या खुणेने सांगणारे कोणीतरी समोर उभे असावे लागते. त्या खुणांनीच माझा जीव नकोसा केला.

सानपाड्याच्या एका शाळेत आम्ही १९९४ साली आलो. संगीताचे हौसेराव सर आम्हांला छान वाजवून घेत. दोन वर्षांनी ते निवृत्त होऊन साताऱ्याकडे गेले आणि हे काम जयमालाबाईंच्या गळ्यात पडले. बाई भूगोल शिकवत. आवाज गोड होता, पण खुणा करायची सवय मुळीच नव्हती. त्यात मुख्याध्यापकांनी बजावले, की जानेवारीच्या संमेलनात फजिती झाली तर घंटा मोडीत जातील. मोडीत म्हणजे थेट भट्टीत! मला घाम फुटत असता, तर तेव्हाच फुटला असता.

सराव सुरू झाला. बाई सूर लिहिलेल्या कागदात डोके खुपसून दोन्ही हात पंख्यासारखे फिरवत. हात एकदम खाली आपटला, की मुली दचकून आम्हांला उचलत. तोवर सुराची वेळ निघून गेलेली असे. मग बाई उशीर झाला म्हणून मुलींवर ओरडत. उशीर मुलींचा नव्हता, खुणेचा होता! पण घंटेला कोण विचारतो? चार महिने आम्ही पहिल्याच ओळीवर अडखळत होतो. स्नेहल नावाची मुलगी मध्यमाची घंटा वाजवायची. बोलणी खाऊन खाऊन तिने एक दिवस घंटा टेबलावर ठेवली आणि यायचेच बंद केले.

दिवाळीत मला वाजवणारी राजनंदिनी कामोठ्याला राहायला गेली. तिच्या जागी शाळेच्या शिपाई भिमाबाई उभ्या राहिल्या. त्या इथल्याच गावातल्या. तिसऱ्या दिवशी बाई पुन्हा ओरडल्या, तेव्हा भिमाबाईंनी मला खाली ठेवले.

"बाई, रागावू नका. तुमचा हात खाली येतो, तवा आमाला कलतं का वाजवायचं हाय. त्याच्या आदी सांगा ना. तुमी आमच्याकडं बगतच नाय."

बाईंचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी हळूच विचारले, की आधी सांगायचे तरी कसे.

"गानं म्हनायच्या आदी तुमी श्वास घेता ना? तसाच घ्या. आमाला दिसू द्या."

बाईंनी कागद पालथा घातला. एकेकीकडे पाहिले. हात वर नेत श्वास घेतला, तशा सगळ्यांच्या घंटाही उचलल्या गेल्या. हात खाली आला आणि पहिला सूर नेमका वाजला. मला तर रडूच यायचे राहिले! त्याच संध्याकाळी बाई स्नेहलच्या घरी गेल्या आणि चूक आपली होती, असे तिच्या आईसमोर म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी स्नेहल आली.

संमेलनात तिसऱ्या ओळीला स्नेहल गोंधळली. बाईंनी हात वरच थांबवला, तिच्याकडे पाहून मान हलवली आणि मग पुढे निघाल्या. समोर बसलेल्या कोणाला काही कळले नाही. आमची भट्टी टळली.

पण पुढच्या वर्षी बाईंची बदली झाली आणि आम्ही कपाटात गेलो. खाडीच्या दमट हवेने माझ्यावर हिरवट डाग पडले आहेत. दर शनिवारी भिमाबाई आम्हांला कोरड्या फडक्याने पुसतात आणि मला एकदा हलवतात. पंचम वाजतो. पुढचा सूर कोणी देत नाही.

मित्रांनो, वाद्य पुसून ठेवले म्हणजे जपले असे नाही. ते वाजवावे लागते. भिमाबाईंच्या जोडीला आम्हांला आणखी बारा जणी हव्या आहेत, आणि समोर मान वर करून पाहणारे एक माणूस.