भिंतीतलं पिंप

किळस यायला घाण लागतेच असं नाही. ओसाकाजवळच्या त्या टेकडीवर सगळं चकचकीत होतं, तरी १९९४ च्या वसंतात मला रोज मळमळायचं.

आमची कंपनी तिथे इटलीतलं एक मध्ययुगीन गाव उभं करत होती. वेस, बुरूज, दोन चर्च. लोकांनी येऊन लग्नं लावावीत म्हणून! मला इटालियन येतं, पुण्यात इतिहास शिकले, म्हणून पाट्यांवरचा मजकूर माझ्याकडे. कालच बसवलेल्या पायऱ्या कामगार ग्राइंडरने घासून आठशे वर्षं जुन्या करत होते. तेही मी गिळलं.

मूळ गावात वरचं चर्च सरदारांचं, वेशीबाहेरचं गरिबांचं. गरिबांच्या चर्चच्या भिंतीत एक फिरतं लाकडी पिंप होतं. बाहेरून बाई त्यात तान्हं मूल ठेवायची, पिंप फिरवायची, आतून नन उचलून घ्यायची. एकमेकींचं तोंड दिसायचं नाही. मुलाच्या गळ्यात अर्धं पदक असे. उरलेलं अर्धं आई जपून ठेवी, कधी परत येता आलंच तर ओळख पटावी म्हणून.

त्या चर्चच्या नोंदवहीचे फोटो मी घरी नुपूरला दाखवले होते. नुपूर माझी मुलगी, नऊ वर्षांची. पुण्यातल्या एका अनाथाश्रमाच्या दारातल्या पाळण्यातून ती आमच्याकडे आली, हे तिला पहिल्यापासून माहीत आहे. तिला ठेवणारी बाई आतल्यांना कळावं म्हणून घंटा वाजवून मगच गेली, हेही. घंटेची गोष्ट ती मला पुन्हा पुन्हा सांगायला लावते.

माझे साहेब मोरिता-सान पिंपावर बेहद्द खूश झाले. "अनुराधा-सान, पिंप फिरेल, आतून प्लास्टिकचं बाळ येईल आणि त्याच्या मुठीत नवरीची अंगठी!"

"पण त्यात टाकलेली मुलं..."

"लग्नात ते कशाला?"

मी मान डोलावली. नोकरी हवी होती. पाटी लिहून दिली: 'प्रेमाचं चक्र. पूर्वी इथे प्रेमी एकमेकांसाठी भेटवस्तू ठेवत.'

रंगीत तालमीला घरच्यांना बोलावलं होतं. पिंप फिरलं, गुलाबी बाळ आलं, टाळ्या पडल्या. मोरिता-सान चक्क डोळे पुसत होते. शी! मला त्या बाहुलीकडे बघवेना.

नुपूर टाळ्या वाजवत नव्हती. ती पाटी वाचत होती.

"हे तू लिहिलंस?" तिने जपानीत विचारलं.

"हो."

"पण यात तर बाळं ठेवायचे. तूच सांगितलंस."

"कंपनीला असं हवं होतं, म्हणून."

तिने पिंप हाताने थोडं फिरवून पाहिलं. मग हळूच, मराठीत म्हणाली, "आई, माझ्या वेळी घंटा वाजली होती ना? की तेही कोणाला तसं हवं होतं?"

बाहुलीची किळस कुठल्या कुठे गेली. आता किळस वाटत होती ती पाटी लिहिणाऱ्या माझ्याच हाताची.

"वाजली होती," मी म्हणाले. "खरंच वाजली होती, बाळा."

तिने मान डोलावली. मी मोरिता-सानपुढे डोलावते, अगदी तशी.